दहा दिवसांचा आठवडा

“आज वार कोणता गं?”

आईने डोळे उघडले आणि पहिलं हेच विचारलं. पाच दिवस ती तापात बरळत पडली होती. मला वाटलं होतं, पाणी मागेल, निदान माझं नाव तरी घेईल. पण आमची आई मिल्काबाई झिराडकर. तिला आधी वार हवा.

आजाऱ्यांच्या झोपडीत बांबूच्या एका लांबच लांब माचावर चौदा बायका ओळीने निजल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वाट्याला दीड हात जागा होती. त्या दीड हातातच मी तिच्या डोक्याशी अंग चोरून बसले होते. बाहेर गुरुवार होता. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण वार लक्षात ठेवणं हे माझं काम होतं.

“शनवार,” मी म्हटलं.

आईने पदर चाचपला, डोक्यावरून घेतला आणि ओठ हलवले. मग माझ्या हाताला हात लावून स्वतःची बोटं ओठांना लावली. आमच्या लोकांत शनवारी एकमेकांना असंच भेटतात. मी तेरा वर्षांची होते आणि तोवर तिच्याशी पुष्कळ खोटं बोलले होते. दुधावरची साय कुणी खाल्ली, कप कुणी फोडला, असलं. त्या वेळी कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र मी तो हात पाठीमागे लपवला.

असं मी का केलं ते सांगायचं, तर थोडं मागे जायला हवं.

आम्ही बेने इस्राएल, रेवदंड्याकडचे. गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. आईच्या वडिलांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनवारी बंद असे. कुणाकडे लग्न असो की सण असो, शनवारी आमच्या आजोबांकडे थेंबभर तेल मिळायचं नाही. आई सांगायची की आपले पूर्वज जहाज फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा पोथ्या बुडाल्या, बोली बुडाली, कोण कुठले तेही लोक विसरले. “एवढा शनवार तेवढा हातात राह्यला. तोच सोडला तर आपण कोन?” हे ती असं सांगायची की जणू ती स्वतःच त्या जहाजात होती.

पुढे ती खरोखरच एका फुटणाऱ्या जहाजात बसली. माझे वडील सिंगापूरच्या गोदीत फिटर होते. लढाई सिंगापूरच्या दारात आली, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना एका बोटीत चढवलं आणि स्वतः मागे राहिले. बोटीवर दुसऱ्याच दिवशी बॉम्ब पडले. एका फळीला धरून आम्ही बांका बेटाच्या किनाऱ्याला लागलो. वाळूवर आडवी पडून, नाकातोंडातलं पाणी बाहेर काढत आईने विचारलं, “शुला, आज वार कोणता?” मला तेव्हा रडता रडता हसू आलं होतं.

जपानी कारकुनाने आमची नावं लिहून घेतली. हिंदी लोकांना ते बहुधा सोडून देत होते. पण वडिलांच्या नोकरीच्या कागदावर ‘हायम सॅम्युएल, ब्रिटिश प्रजा’ असं लिहिलेलं. कारकुनाने तो कागद पाहिला, मग आईचं ओलं नऊवारी लुगडं पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि कागदावर विश्वास ठेवला. अशा रीतीने आम्ही दोघी इंग्रज आणि डच बायकांच्या ओळीत उभ्या राहिलो ते साडेतीन वर्षं तिथेच राहिलो. सुमात्रातल्या एका रबराच्या मळ्यात तारेचं कुंपण घालून ती छावणी केली होती. चारशे बायका आणि पोरंबाळं.

आईला मराठीखेरीज काही येत नव्हतं. सिंगापूरच्या बाजारात मासळी घेता घेता मलायी भाषेतले आकडे आणि वार तिच्या कानावर पडले होते, तेवढंच. मला इंग्रजी येत होतं, मलायी येत होतं, डचही कानावर पडून पडून कळायला लागलं. त्यामुळे छावणीत आईचा कान मी आणि आईची जीभही मीच. कोण काय म्हणालं, आज हजेरी किती वाजता, कोण मेलं, हे सगळं तिला माझ्याकडून कळायचं. वारसुद्धा.

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं शनवार कसाबसा निभावला. ती आजूबाजूच्या बायकांशी अदलाबदल करायची. तुझं रविवारचं पाणी मी भरते, तू माझं शनवारचं लाकूड फोड. चव्वेचाळीस सालच्या शेवटी नवा कॅप्टन आला आणि त्याने नवा नियम काढला. आठवडे बंद. दहा दिवसांची एक पाळी, नऊ दिवस काम आणि दहाव्या दिवशी सुटी. जिचा पाळीत एकही खाडा नसेल तिला पुढची पाळी रोज दोन डाव भात. एक जरी खाडा झाला तरी पुढचे दहा दिवस एकच डाव. अदलाबदल बंद. रविवारची प्रार्थनाही बंद, कारण चारचौघी एकत्र जमल्या की त्याला कट वाटायचा.

मी मातीत काड्या मांडून पाहिल्या. नऊ दिवस कुठूनही मोजायला घ्या, त्यात एक शनवार येतोच येतो. म्हणजे आईला दोन डाव भात कधीच मिळणार नव्हता. मी तिला काड्या दाखवल्या.

“आता?” मी विचारलं.

“आता काय? एक डाव तर एक डाव.”

आमच्या बराकीच्या प्रमुख मिसेस प्रिंगल नावाच्या इंग्रज बाई होत्या. उंच, हाडकुळ्या, बोलायला तुटक पण मनाने सरळ. हजेरीची वही त्यांच्याकडे असे. त्या आईसमोर येऊन उकिडव्या बसल्या आणि मला म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, देव समजूतदार आहे. त्याला इथली परिस्थिती दिसते आहे.”

मी सांगितलं. आई हसली. “त्यांना म्हनावं, देव समजून घेईल हो. त्याची कुठं चिंता हाय? माझीच समजूत पटत नाय.”

हे इंग्रजीत कसं सांगावं ते मला कळेना. मी म्हटलं, “आई म्हणते, थँक यू.”

मुलांना सक्तीचं काम नव्हतं, पण भात मात्र सगळ्या मुलांना अर्धाच डाव. आई स्वतःच्या एका डावातला निम्मा माझ्या करवंटीत लोटायची आणि वर म्हणायची की तिला टॅपिओकाचं कांजीपाणीच जास्त आवडतं. दोन पाळ्यांत तिचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला मी वीसपर्यंत आकडे मोजायची. मग ताप आला.

आजाऱ्यांच्या झोपडीत सिस्टर ओडिलिया नावाच्या डच जोगीण नर्स होत्या. औषध त्यांच्याकडे नव्हतंच. होतं ते फक्त खरं बोलणं, आणि ते त्या सगळ्यांना सारखं वाटायच्या. आईच्या तापाच्या चौथ्या दिवशी त्या मला बाहेर घेऊन गेल्या.

“ताप उतरेल,” त्या मलायीत म्हणाल्या. “पण ही सूज बेरीबेरीची आहे. ती वर चढत चालली आहे. छातीपर्यंत गेली की संपलं. एका डावावर ही फार तर पुढची एक पाळी काढेल, त्यानंतरची नाही.”

“दोन डाव मिळाले तर?”

“तर कदाचित.”

“पण ती कामावर नाही. खाडे पडत असतील.”

“मी लिहून दिलेलं दुखणं खाड्यात धरत नाहीत. तेवढं माझ्या हातात आहे, पण ताप उतरला की तसं लिहिता येत नाही. उद्याच्या सुटीनंतर नवी पाळी सुरू होते. तिला उभं करून भाजीच्या वाफ्यांवर नेऊन बसव. नुसती बसून गवत उपटू दे. पण नऊच्या नऊ दिवस.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही आईचा शनवार ठाऊक होता. छावणीत कुणाला ठाऊक नव्हता? “तिला समजाव,” त्या म्हणाल्या.

समजवायचं म्हणजे काय, हे त्यांना काय माहीत. रात्रभर मी विचार केला. आईला सांगितलं की शनवार मोड, नाहीतर मरशील, तर ती शांतपणे मरेल. ती हट्टी होती असंही नाही. नुसती तशी होती. कुणाला काही म्हणायची नाही, कुणावर काही लादायची नाही, आणि स्वतः तसूभर हलायची नाही.

आणि दुसऱ्या दिवशी, सुटीच्या गुरुवारी, तिने डोळे उघडून मला विचारलं की आज वार कोणता. पाच दिवस तिच्या आयुष्यातून पुसले गेले होते. तिला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी शनवार म्हटलं, आणि त्या क्षणाला मला कळलं की आता दर दहा दिवसांनी एकदाच शनवार येणार, सुटीच्या दिवशी, आणि तो मीच आणणार.

दुसऱ्या दिवशी मी रविवार सांगितला. ती उठली, माझ्या खांद्यावर भार टाकून वाफ्यांपर्यंत आली आणि बसून गवत उपटू लागली. तो खरा शुक्रवार होता. त्याच्या पुढच्या दिवशी, खऱ्या शनवारी, मी सोमवार सांगितला आणि तिची बोटं मातीत चालताना बघत उभी राहिले. माझ्या डोक्यावर आभाळ कोसळेल असं मला खरंच वाटत होतं. मी वर बघितलंसुद्धा. आभाळ नेहमीसारखंच पांढरट होतं.

पण सात वार आणि दहा दिवस यांचा मेळ कसा घालायचा? तीन दिवस जास्तीचे होत होते. मी दोन सोमवार केले. मधे एक मंगळवार सोडून दोन बुधवार, आणि शेवटी दोन गुरुवार. लागोपाठ तोच वार सांगताना माझी जीभ जड व्हायची. दुसऱ्या बुधवारी आई म्हणाली, “काल पन बुधवारच होता ना?”

“काल मंगळवार होता.”

“असं होय. डोकं काम करत नाय बघ तापापासून.”

“नक्की बुधवारच आहे,” मी उगाच म्हटलं.

घरी एका पिकल्या आंब्यासाठी ती मला एलियाहू नबीची आण घ्यायला लावायची. इथे तिने आण मागितली नाही. मी मनात हुश्श केलं.

पाळी संपली. मिसेस प्रिंगलनी वहीत आईच्या नावापुढच्या नऊ खुणा दोनदा मोजल्या, एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली. शनवारचा विषय त्यांनी पुढेही कधी काढला नाही. दुसऱ्या दिवशी आईच्या करवंटीत दोन डाव भात पडला. मी त्या भाताकडे पाहत राहिले. तिने सवयीने निम्मा माझ्याकडे लोटायला हात उचलला.

“नाही,” मी म्हटलं. “दुसरा डाव तुझा. तो तू खायचास. माझ्यासमोर खायचास.”

“बरं बाई,” ती म्हणाली आणि माझ्यासमोर, मान खाली घालून, एकेक शीत करून तिने तो खाल्ला.

पाळ्या अशाच चालल्या. दुसरी गेली, तिसरी गेली. सूज गुडघ्यांच्या खाली आली, मग घोट्यांपर्यंत. मी रोज सकाळी बोट दाबून आकडे मोजायची. विसाचे पंधरा झाले, पंधराचे आठ. बसून गवत उपटणारी आई आता उभी राहून कुदळ मारू लागली. मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाच्या बरोबरीने भीती वाढत जायची. सुटीच्या आदल्या संध्याकाळी ती माझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायची, दुसऱ्या दिवशी पदर घेऊन माचाच्या कोपऱ्यात दिवसभर प्रार्थना पुटपुटत बसायची, कशाला म्हणून हात लावायची नाही. इतक्या मनापासून ती तो दिवस पाळायची की मला तिच्याकडे बघवत नसे. वाटायचं, ही ज्या दिवसाला एवढं जपते आहे तो दिवस मी चोरलेला आहे. देवाच्या घरात चोरी, आणि आईच्या हाताने. छावणीतल्या इतर मुली भुकेने रात्री रडायच्या. बराकीतही वाट्याला दीड हातच जागा, तिथे मी भूक लागून कमी आणि या गोष्टीपायी जास्त रडले आहे.

चौथ्या पाळीत ते घडलं, ज्याची मला धास्ती होती.

दुपारची वेळ. आई वाफ्यांवर कुदळ मारत होती आणि मी डब्याने पाणी घालत होते. सिस्टर ओडिलिया कुणा आजाऱ्यासाठी पाला तोडायला तिथे आल्या. आईला अशी उभी पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. त्यांना वाटलं असणार की मी आईला समजावलं आणि आईला पटलं. त्या आईच्या जवळ आल्या, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द तोडत मलायीत म्हणाल्या, “आज सब्तू. तरी तू कामावर. फार चांगलं केलंस.”

सब्तू म्हणजे शनवार. सिंगापूरला आईला पहिल्यांदा हा शब्द कळला होता, तेव्हा ती दिवसभर खुशीत होती. म्हणाली होती की बघ, या लोकांच्यातसुद्धा आपल्या शब्बाथचं नाव आहे. तो शब्द ती विसरणं शक्य नव्हतं.

माझ्या हातातला डबा कलला आणि पाणी पायांवर सांडलं.

आई थांबली होती. कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून ती सिस्टरांच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिने मान माझ्याकडे वळवली.

“काय म्हनते गं ती?”

“म्हणते... आज ऊन फार आहे.”

आईने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे.

“सांग तिला,” ती म्हणाली, “ऊन काय, रोजचंच हाय.”

आणि तिने कुदळ उचलली आणि मारली.

मी ते सिस्टरांना सांगितलं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, त्या हसून निघून गेल्या. मी पाणी घालत राहिले. त्या रात्री मी स्वतःला पटवलं की आईने नीट ऐकलं नसावं, सिस्टरांचा उच्चार डच वळणाचा होता, आई दमलेली होती. तेराव्या वर्षी माणसाला जे पटवून घ्यायचं असतं ते पटतं. दुसऱ्या दिवशी आईने नेहमीसारखं विचारलं, “आज वार कोणता?” आणि मी तिला आणखी एक गुरुवार दिला.

आठ पाळ्यांनंतर तो कॅप्टन बदलला, नियम बदलला. भात सगळ्यांनाच सारखा झाला, म्हणजे सगळ्यांनाच कमी. पण तोवर आईच्या अंगात जीव आला होता. मी एक दिवस गाळून गपचूप वार खऱ्या जागी आणून बसवले. आईने तो दिवस कुठे गेला असं विचारलं नाही. पुढे पाच महिन्यांनी लढाई संपली. वडील गेल्याचं आम्हाला सिंगापूरला परतल्यावर कळलं. शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी रेवदंड्याला मामाच्या घरी आलो.

छावणीबद्दल आई बोलायची नाही आणि मीही नाही. पण दर वर्षी आमचा दरफाळणीचा सण यायचा आणि माझं मन टोचायला लागायचं. या दिवशी आम्ही दिवसभर कडक उपास करतो. त्या संध्याकाळी स्वर्गाची दारं बंद होतात आणि वर्षभराचा निवाडा लागतो असं मानतात. देवाचे अपराध देव माफ करतो, पण माणसाचा अपराध केला असेल, तर त्या माणसाकडे जाऊन माफी मागावी लागते. म्हणून आदल्या दिवशी घरोघर लोक एकमेकांना माफी मागत हिंडतात. मी सगळ्यांकडे जायची. मामीकडे, शेजारणीकडे, जिची मी थट्टा केली होती त्या अबिगाईलकडे. आईकडेही जायची, पण तिच्यासमोर नुसतं “काही चुकलंमाकलं असेल तर” एवढंच पुटपुटायची. जे चुकलं होतं ते सात वर्षं माझ्या तोंडातून निघालं नाही.

त्रेपन्न साली माझं लग्न ठरलं. त्या वर्षी मी ठरवलं की हे मनात ठेवून सासरी जायचं नाही. आधी मुंबईहून आलेल्या हजानांकडे, आमच्या प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींकडे गेले आणि कुणाचं नाव न घेता विचारलं. ते शिकलेले होते. म्हणाले, जीव वाचवायला शनवार मोडावा लागला तर मोडायचाच, तशी आज्ञाच आहे. मी चकितच झाले. एवढं साधं? आमच्या रेवदंड्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोथ्या बुडाल्या त्यांच्याबरोबर हेही बुडालं असणार.

घरी आले तेव्हा आई परसात बसून उपासाआधीच्या जेवणासाठी नारळ खवत होती. मी तिच्यासमोर बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो गुरुवार, दोन सोमवार, दोन बुधवार, सिस्टरांचं सब्तू, सगळं. ती खवणीवरून हात न काढता ऐकत होती.

“संपलं?” तिने विचारलं.

“संपलं. मला माफ कर.”

“शुला, माझ्या बापाचा घाना होता. कुठल्या वारी कुठल्या घरी तेल जायचं ते मला सातव्या वर्षापासून तोंडपाठ. मला तू दोन बुधवार दाखवतेस?”

तिने नारळाची वाटी पुन्हा खवणीवर टेकवली.

“पहिला शनवार खरा वाटला. तापात होते. पन पुढच्या दहा दिवसांत समजलं. खरा वार कुठला ते मात्र कळत नव्हतं, ते त्या सिस्टरबाईंनी सांगितलं. मग मागंपुढं मोजून बघितलं. अकरा मोडले मी. एक मात्र तुझ्या सुटीवरच पडला होता, तो नशिबाने खरा निघाला.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर शनवार पाळावा लागला असता,” आई म्हणाली. “आनि शनवार पाळला असता तर तू तिथं एकटी राहिली असतीस.”

मग एकदम आठवलं आणि मी घाईघाईने म्हटलं, “पण आई, त्यात पाप नव्हतंच! हजान म्हणाले, जीव वाचवायला शनवार मोडला तर चालतो. तशी आज्ञाच आहे. तू काही चुकीचं केलं नाहीस.”

आईने खवणी बाजूला सरकवली.

“मोडायला चालतो, हे बरं झालं, कळलं. पन पोरीकडून मोडवून घ्यायला चालतो का, ते विचारलंस त्यांना?”

“म्हणजे?”

“तू रात्री तोंडात पदर कोंबून रडायचीस. दीड हात जागेत मला ऐकू येत नव्हतं असं वाटलं तुला? मला ठाऊक होतं, पोर कशापायी रडते. एक शब्द बोलले असते तर तुझं ओझं उतरलं असतं. नुसतं म्हनायचं होतं, शुला, मला म्हाईत हाय. पन ते म्हटलं की मग आपन दोघींनी जानूनबुजून केल्यासारखं होईल आनि माझ्याच्यानं उद्या कुदळ उचलवनार नाय, असं वाटायचं. तू खोटं बोलशील तोवरच मला जगता येत होतं. म्हनून तुला बोलू दिलं. रोज सकाळी मीच तुला विचारत होते, वार कोणता. तेरा वर्षांच्या पोरीला.”

ती हात पुसत उठली. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने पदर डोक्यावरून घेतला. आमच्याकडे माफी मागताना मोठी माणसंही तसं करतात, पण आईने लेकीसमोर तसं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“सात वर्षं झाली,” ती म्हणाली, “दर दरफाळणीला वाटतं की आज मागीन. तू येतेस, काही चुकलंमाकलं असेल तर म्हनतेस आनि माझ्या जिभेला टाळं लागतं. आता तू परक्या घरी चाललीस. शुला, मला माफ कर.”

“आई, असं काय करतेस!”

“नाय. असं नाय. तीनदा विचारायचं असतं. नीट उत्तर दे. मला माफ कर.”

मी उभी राहिले. ती तिसऱ्यांदा म्हणाली आणि वाट बघत उभी राहिली, तिची नजर माझ्या तोंडावर. आईने आयुष्यात माझ्याकडे वार सोडून दुसरं काही मागितलं नव्हतं. तिला उत्तर द्यायला मला फार वेळ लागला, कारण मी रडत होते आणि तिला ते नीटच ऐकायचं होतं.